खेचराच्या हितासाठी

उदय पिंपळखुटेला आजवर पुष्कळांनी जाड म्हटलं होतं, पण खेचराकडून आक्षेप येण्याची ही पहिलीच वेळ.

तसं खेचर स्वतः काही बोललं नव्हतं. हिमालयात यात्रा नेणाऱ्या एका संस्थेचं पत्रक होतं आणि त्यात नियम क्रमांक चौदा होता. 'ज्येष्ठ यात्रेकरूच्या सोबत्याचे वजन पंच्याऐंशी किलोपेक्षा अधिक नसावे. वाटेत प्रकृती बिघडल्यास सोबत्यास खेचरावरून खाली आणावे लागते. खेचराच्या हितासाठी ही मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते.' उदयचं वजन होतं एक्याण्णव. म्हणजे पंच्याऐंशी किलो उदयबद्दल खेचराची काही तक्रार नव्हती, वरच्या सहा किलो उदयने सगळा घोळ केला होता.

आता हा सोबती कोणाचा, ते सांगायला हवं. उदयचे सासरे यशवंतराव देशकर रेल्वेत गार्ड होते. चाळीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी कोळसा, लोखंड आणि सिमेंट एवढंच पाहिलं. तेही पाठीमागून. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास होता, बर्फ पाहायचा. गढवालात शुभ्रताल नावाचं एक तळं आहे, तिथे जूनच्या अखेरीलाही बर्फ असतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते कात्रण पाकिटात बायकोच्या फोटोच्या पुढे ठेवलं. संस्था सत्तरीनंतर कोणाला नेत नाही. यशवंतराव ऑगस्टमध्ये सत्तर पूर्ण करणार होते. म्हणजे यंदा गेले तर गेले, नाहीतर बर्फ राहिला. पासष्टच्या वरच्याला सोबती सक्तीचा, आणि उदयची बायको अर्चना ही एकुलती एक मुलगी, तिला ऑफिसातून तेवढी सुट्टी नाही. तेव्हा उरला जावई. मार्च महिन्यात श्रीखंडाची दुसरी वाटी संपवता संपवता उदय म्हणाला होता, "बाबा, मी येतो ना तुमच्यासोबत!" असली वचनं माणूस भरल्या पोटीच देतो.

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये उदय वजन कमी करून राहिला ही बातमी पसरायला अर्धा दिवस लागला, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले गरम पाणी प्या. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले पाणीच पिऊ नका, वजन पाण्याचंच असतं. तळमजल्यावरचे धर्मपाल साहू म्हणजे छत्तीसगढचा अस्सल माणूस. त्यांनी उदयच्या पोटाकडे मिस्त्री भिंतीकडे पाहतो तसं पाहिलं आणि सांगितलं, "भैया, रात के भात ला पानी में डुबो दव, बिहनिया नून अउ गोंदली संग खाव. पेट अंदर हो जाही."

रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याशी खायचा, याला इकडे बासी म्हणतात. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसाला ती अमृतासारखी. उदय राबायचा नवा रायपूरच्या सरकारी कचेरीत, तेही एसीत. पहिल्याच दिवशी बासी खाऊन तो बसमध्ये असा झोपला की शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं. दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या मीटिंगमध्ये झोपला, तिथे उठवायला कंडक्टर नव्हता. साहेबांनी स्वतः उठवलं. बासी बंद झाली.

मग चालणं. पहाटे साडेपाचला तेलीबांध्याच्या तलावाला सासरे-जावई फेऱ्या मारायला लागले. यशवंतराव एकोणसत्तराव्या वर्षी नव्या बुटांत खडखडत पुढे, आणि उदय मागे, धापा टाकत. तीन फेऱ्या झाल्या की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे आणि जिलबीचा वास यायचा. उदय स्वतःला समजावायचा की पोहे हलके असतात. पोहे हलके असतातच. पण रायपुरात पोह्यांबरोबर जिलबी न घेणं म्हणजे ठेलेवाल्याच्या तोंडावर त्याचा अपमान करणं. उदय कोणाचा अपमान करणाऱ्यातला नव्हता.

शेवटी अर्चनाने त्याला ज्ञानदाकडे नेलं. ज्ञानदा आपल्याच लोकांतली, दोन गल्ल्या पलीकडची, आहारतज्ज्ञ. नवरा कॅनडात नोकरीला, ती माहेरी राहून दवाखाना चालवायची आणि वर्षाअखेरी तिकडे जायची होती. तिने उदयच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. प्रत्येक ताटाचा फोटो काढायचा, ॲप ताट पाहून हिरवा नाहीतर लाल ठिपका देणार. शिवाय सोळा तास उपाशी राहायचं आणि आठ तासांत काय ते खायचं. "काका, शिस्त पाहिजे फक्त," ज्ञानदा म्हणाली. तिने काका म्हटलं हे उदयला लागलं, कारण तो फक्त चव्वेचाळीसचा होता. पण काकडी चावत त्याने तोही घोट गिळला. मेच्या मध्यापर्यंत काटा अठ्ठ्याऐंशीवर आला. घरात आनंदीआनंद झाला. यशवंतरावांनी लोकरीची कानटोपी घेतली आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घालून पाहिली.

आणि अधिक महिना लागला.

दर तीन वर्षांनी येणारा हा महिना आपल्याकडे जावयांचा. जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तेहतीस अनारसे दिव्यासकट दान द्यायचे. हे सगळं ठीक. पण रायपूरच्या मराठी घरांची गोम अशी की पोरी दिल्या पुण्याला, बंगलोरला आणि त्याच्याही पलीकडे, आणि जावयांना धोंड्यासाठी सुट्टी मिळत नाही. नारायणाविना पुण्य कसं मिळायचं? सगळ्या शंकर नगरात एकच जावई असा होता जो सासरच्याच गावात राहत होता, शाकाहारी होता आणि ज्याला ताटावर बसल्यावर नाही म्हणता येत नव्हतं.

रायपूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तुमचा जावई मिळेल का?' असा पहिला मेसेज आला तेव्हा शांताबाईंची, म्हणजे उदयच्या सासूची, छाती अभिमानाने फुलली. "घेऊन जा ना बाप्पा," त्यांनी फोनवर सांगितलं. "आमचा जावई काय, तुमचा जावई काय! ते काही नाही म्हणत नाहीत." लोक शेजारणीला पुरणयंत्र देतात तसा शांताबाईंनी जावई दिला. ग्रुपचा कारभार पाहणारा शिशिर बँकेत होता, त्याला टेबलं करायची भारी हौस. त्याने 'जावई उपलब्धता' असा तक्ता करून टाकला. तारीख, घर, दुपार की संध्याकाळ. अकरा घरं. खाली टीप होती: 'कृपया एका दिवशी दोन वेळा मागणी नोंदवू नये. जावई एकच आहे.'

"मला कोणी विचारलं का?" उदय अर्चनावर उखडला.

"आईने हो म्हटलं आता. महिनाभराचं पुण्य आहे लोकांचं. तुम्ही थोडं थोडं खा."

थोडं थोडं! हे ज्या माणसाने धोंड्याचं जेवण कधी जेवलं नाही त्यानेच म्हणावं. पहिल्या घरी उदय म्हणाला, "मी डाएटवर आहे." घरच्या आजींनी हातातली पळी खाली ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. त्यांचा जावई नऊ वर्षांत आला नव्हता. उदयने घाईघाईने चार धोंडे खाल्ले, आजी हसल्या, म्हणून आणखी दोन खाल्ले. दुसऱ्या घरी त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं. त्यांनी ओवा दिला आणि पोट सुधारेपर्यंत थांबले. खरं सांगायचं तर तिसऱ्या घरापासून उदयने फारसे प्रयत्न केले नाहीत. पाटाभोवती रांगोळी, कपाळाला गंध, समोर कोणीतरी ओवाळतंय, असा मान त्याला कचेरीत अठरा वर्षांत मिळाला नव्हता.

चौथं घर ज्ञानदाचं निघालं. तिच्या आईनेही कॅनडातल्या जावयाच्या बदली उदयचीच नोंद केली होती. उदय पाटावर बसला आणि समोर तुपाचं भांडं घेऊन आली ती स्वतः ज्ञानदा.

"हे ॲपमध्ये कसं टाकायचं?" उदयने हळूच विचारलं.

"फोटोच काढू नका," ती कुजबुजली. "आणि आईसमोर कॅलरी म्हणू नका, प्लीज. मलेच घराबाहेर काढेल ती."

"काय कुजबुजून राहिली गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "धोंड्यावर तूप सोड. आणि एक चमचा नको सोडू, कंजूसासारखी."

ज्ञानदाने डोळे मिटून तूप सोडलं. मिटलेल्या डोळ्यांनी सोडलेलं तूप मोजून पडत नाही. वर ती शिस्तीचं काही बोलली नाही, आणि निघताना तेहतीस अनारशांचा डबाही तिनेच त्याच्या हातात दिला. पंधरा दिवसांत घरात दोनशेच्या घरात अनारसे झाले. मुलगी इरावती फ्रिज उघडून उभी राहायची. "पापा, दूध कहाँ रखूँ?" ती विचारायची. उत्तर एकच होतं, अनारसे खाऊन जागा करायची.

या सगळ्या महिन्यात शांताबाई मात्र एकभुक्त होत्या. अधिकात त्या दिवसातून एकदाच जेवतात, दुपारी, पानभर. सकाळी राममंदिरात चालत जाऊन येतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराला लिफ्ट नाही. ते त्यांचं नेहमीचंच, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दहा जूनला उदय काट्यावर उभा राहिला. ब्याण्णव. सुरुवात केली होती त्याहून एक किलो जास्त. यशवंतराव शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच राहिला.

"जावईबापू, मनाले लावून घेऊ नका," ते म्हणाले. "बर्फच तो. फ्रीजरमधी बी असतेच."

उदयला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की खेचराने लाथ मारली असती तर बरं झालं असतं. हा माणूस महिनाभर उन्हात लोकरीची टोपी घालून आरशात पाहत होता आणि आपण लोकांच्या पाटांवर बसून नारायण होत होतो. सतरा तारखेपर्यंत सरकारी डॉक्टरचा दाखला पाठवायचा होता. उरलेले सहा दिवस जीव गेला तरी बेहत्तर, असं उदयने ठरवलं.

चौथ्या मजल्यावरच्यांचं वाक्य त्याच्या डोक्यात होतं, वजन पाण्याचंच असतं. तेव्हा पाणी काढायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो प्लॅस्टिकचा रेनकोट घालून, टोपी कानावर ओढून गच्चीवर धावायला लागला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि रेनकोट घातलेला माणूस धावतोय, हे समोरच्या बिल्डिंगमधून बायका मुलांना बोलावून दाखवत होत्या. अकराव्या फेरीला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो मिळेल तिथे खाली बसला. मिळालं ते साहू भाभींचं चार चादरींवर वाळत घातलेलं बिजौरीचं वाळवण. तिळाच्या आणि उडदाच्या वड्या, वर्षाची बेगमी. धर्मपाल पाण्याची बादली घेऊन वर आले, त्यांनी अर्धी उदयवर ओतली आणि मग खाली काय झालंय ते पाहिलं.

"भैया," ते दुःखाने म्हणाले, "आप झन उठव. उठहू त अउ टूटही."

उठलं तर उरलेल्या वड्याही मोडतील, म्हणून उदय पाऊण तास तसाच बसून राहिला. संध्याकाळी साहू भाभींनी चुरा झालेल्या वड्या तळून पाठवल्या. टाकवत नाहीत म्हणून त्याही उदयनेच खाल्ल्या.

तरी काकडीवर राहून तो चौदा तारखेला एकोणनव्वदवर आला आणि दाखल्याचं काय ते पाहायला सरकारी दवाखान्यात गेला. तिथे वजनकाटा होता, पण त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला होता. बाबूने सांगितलं, "तीन महीने से खराब है. आप कहीं से भी वजन करा लाइए, बस पर्ची पे सील होनी चाहिए. बिना सील के मैडम नहीं लेंगी." आता माणसाच्या वजनावर शिक्का कोण मारून देतो? केमिस्टच्या दुकानातलं यंत्र भविष्य सांगतं, पण शिक्का देत नाही. किराणावाला शिक्का देईल, पण त्याचा काटा दहा किलोचा. धर्मपालांनी मात्र क्षणात उत्तर काढलं. बीरगांवला त्यांच्या मेहुण्याचा धर्मकाँटा होता, म्हणजे ट्रक जोखायचा वजनकाटा. "कंप्यूटर पर्ची, सील, साइन, सब मिलही."

पंधरा तारखेला, अधिकाच्या शेवटच्या दिवशी, तक्त्यातलं अकरावं घर नेमकं बीरगांवचंच होतं. तेव्हा उदय, यशवंतराव आणि वाणाचं ताट मांडीवर घेतलेल्या शांताबाई असे तिघे कारने निघाले. उदयने एक गोष्ट निक्षून सांगितली, आधी वजन, मग जेवण.

काटा एवढा मोठा की त्यावर दोन घरं मावली असती. समोर गिट्टीचा म्हणजे खडीचा ट्रक, मागे लोखंडाचा ट्रक, मध्ये उदयची छोटी कार. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून विचारलं, "माल क्या है?"

"मी," उदय म्हणाला.

त्या माणसाने चहा खाली ठेवला. सगळं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, एकट्या माणसाला हा काटा ओळखतच नाही. गाडी माणसांसकट जोखू, मग एकेक जण उतरा, जेवढं घटेल तेवढं तुमचं. काटा दहा दहा किलोंनी सरकतो, मधलं काही दाखवत नाही. उदयच्या मनात आशा पालवली; ऐंशी दाखवलं तर? आधी उदय उतरला. नव्वद घटले. मग शांताबाई उतरल्या. पन्नास. मग यशवंतराव. साठ. यंत्राने प्रत्येक वेळी चिठ्ठी छापली आणि मागच्या ट्रकचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे थांबून खाली उतरून पाहायला लागले. चिठ्ठीवर 'माल' हा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाईना, आणि त्याच्या यादीत माणूस नव्हता. त्या भल्या माणसाने आपल्या नजरेला वाटलं तसं टाकलं. यशवंतराव लोहा. शांताबाई धान. उदय गिट्टी.

वरून शिक्का मारून दिला. त्या दिवशी बीरगांवला उदय फार जेवला नाही. निदान तो तसं सांगतो.

सोळा तारखेला डॉक्टर मॅडमपुढे तिन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. यशवंतरावांना त्यांनी तपासलं आणि पास केलं. मग नियम चौदा वाचला आणि गिट्टीची चिठ्ठी उचलली.

"नब्बे. नहीं होगा."

"मैडम, कल से मैं सिर्फ़ पानी पर..."

"पानी पर रहिए, दूध पर रहिए. मैं पचासी नहीं लिख सकती."

यशवंतरावांनी आपला पास झालेला कागद नीट घडी करून पाकिटात ठेवला, त्या कात्रणापाशी. उदयला वर बघवेना. बारा वर्षांत ह्या माणसाने त्याच्याकडे एक गोष्ट मागितली होती, तीही न मागता.

मॅडमनी शेवटची चिठ्ठी उलटसुलट केली. "और ये पचास किलो धान कौन है?"

दाराबाहेरच्या बाकावर शांताबाई बसल्या होत्या, नवऱ्याच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. मॅडमनी आत बोलावलं. वय त्रेसष्ट. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. जिना दोनदा चढून उतरायला लावलं, नाडी मोजली आणि परत मोजली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. "माताजी, क्या खाती हैं आप?"

"एक टाइम," शांताबाई म्हणाल्या. "कल तक अधिक मास था ना."

"आप ही साथ क्यों नहीं जातीं?"

यशवंतराव पटकन पुढे झाले. "नाही नाही, मॅडम, उसको ठंड नहीं जमती. उसको घर छोड़के..." आणि बायकोकडे वळून म्हणाले, "नाही का गं? तुले तर बर्फाचं काही नाही."

"मले कोणी विचारलंच नाही," शांताबाई म्हणाल्या.

रागाने म्हणाल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. उदयने सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी उदयकडे. दोन महिने दोघांनी मिळून बूट, टोपी, काकडी, तलाव, रेनकोट, धर्मकाँटा, सगळं केलं होतं. घरातल्या तिसऱ्या माणसाला 'येतेस का' हे दोन शब्द विचारायचे राहून गेले होते. ते दोन महिन्यांचं नव्हतं, बेचाळीस वर्षांचं होतं. यशवंतरावांचा चेहरा एवढासा झाला.

"येतं का तू?" त्यांनी विचारलं.

"काहून नाही?" शांताबाई म्हणाल्या. "पण टोपी फक्त तुमचीच आणली तुम्ही."

मॅडमनी शिक्का मारला.

जूनअखेर दोघं गेले. इकडे अधिक सरल्यामुळे उदयला कोणी नारायण समजेना. सासूबाई नाहीत म्हणून रविवारचं जेवण बंद, 'जावईबापूंना आवडतं म्हणून' येणारे डबे बंद. अर्चना ऑफिसातून थकून यायची आणि खिचडी टाकायची. उदयने ना ॲप उघडलं, ना रेनकोट.

पाच जुलैला खालच्या तळावरून फोन आला. रेंज तुटक होती. आधी यशवंतराव बोलले. बर्फ पाहिला, पोटभर पाहिला, म्हणाले; वर जाताना शेवटच्या चढाला आपण खेचरावर होतो हेही त्यांनी हळूच सांगितलं. आणि शांता? ती खेचराच्या पुढे चालून राहिली होती, खेचरवाल्याला अनारसे खाऊ घालत. मग फोन शांताबाईंनी घेतला.

"जावईबापू, मी बर्फाले हात लावला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवून राहिले ना बरोबर? वजन किती आहे आता?"

"शहाऐंशी," उदय म्हणाला. "तुम्ही गेल्यापासून आपोआप उतरलं."

पलीकडे बहुतेक हिशोब चालला होता.

"म्हणजे एकच किलो राहिला," शांताबाई म्हणाल्या. "मग असं करा, अर्चीले सांगा, आम्ही हरिद्वारले आणखी आठ दिवस राहतो."